भंगार कोणाला म्हणता?

हल्ली कुठलीही वस्तू बंद पडली की तिच्याभोवती चार माणसं जमतात आणि चौघंही एकच मंत्र म्हणतात, "नवीन घ्या हो!" मिक्सर अडला, नवीन घ्या. छत्रीची काडी मोडली, नवीन घ्या. गुडघा दुखतो म्हटलं तरी हल्ली आधी नव्याचाच भाव कानावर पडतो. ज्या घरांत आजीच्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचं पायपुसणं होई आणि पायपुसण्याचं शेवटी सायकल पुसायचं फडकं होई, त्याच घरांतून आज कपॅसिटर गेला म्हणून अख्खा पंखा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या डोक्यावरच्या वाटीत बसलेली चुन्याच्या डबीएवढी वस्तू. वायरमनला विचारलं तर दहा मिनिटांचं काम. पण विचारतो कोण?

या मंत्राविरुद्ध मला आज भांडायचं आहे. वाचकहो, मी बँकेत कारकून आहे. भांडण ऐकून घ्यायची मला सवय आहे, करायची नाही. काउंटरच्या आतल्या माणसाने बाहेरच्या माणसाशी गोडच बोलावं, अशी आमच्या व्यवसायाची रीत आहे. मात्र इथे मधे काउंटर नाही, तेव्हा आज होऊन जाऊ द्या.

भांडणाचा विषय दिसायला लहान आहे. लहान म्हणजे अक्षरशः लहान. ती एक मोटरसायकल आहे. कागदोपत्री तिचं नाव 'राजदूत जीटीएस 175'. पण या नावाने तिला कोणी हाक मारली असेल तर ती फक्त विमा कंपनीने. राज कपूरचा 'बॉबी' 1973 साली आला, त्यात ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया या गाडीवर बसले, आणि त्या दिवसापासून गाडीचं बारसं पुन्हा झालं. ती 'बॉबी' झाली ती झालीच. चाकं इवलीशी, सीट बुटकी, हँडल मात्र उंच. थोरल्या भावाचा शर्ट घातलेल्या धाकट्यासारखं तिचं रूप. पण पोटात इंजिन थोरल्या राजदूतचंच, 173 सीसीचं, टू-स्ट्रोक. मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएलचा आणि बांधणी आपल्या एस्कॉर्ट्सची. गिअर तीन.

अशा बुटक्या मोटरसायकलींचं घराणं तसं जगभर पसरलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची 'वेलबाइक' केली. होंडाने 1961 साली तोक्योजवळच्या एका करमणूक-बागेत मुलांना फिरवायला जी गाडी केली, तिची पुढे 'मंकी' झाली. अमेरिकेत तर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन छोट्या सांगाड्यावर बसवून पोरं शेतांतून, माळांतून उडत होती. रस्ता सोडून चालायची गाडी, असं त्या प्रकाराचं वर्णन तिकडे करतात. आमच्याकडे त्याचं अप्रूप नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हापासून पुढची कैक वर्षं आम्ही पेण ते नागोठणे जे काही केलं, त्याला रस्ता सोडून चालणं म्हणता येणार नाही. रस्त्यानेच आम्हांला सोडलं होतं.

तर ही बॉबी आमच्या काकांची. 1975 सालची. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. 1 जानेवारी 1981 ला ते रायगड झालं. नाव बदललं म्हणून जिल्हा कोणी भंगारात काढला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल. काका गेले, गाडी राहिली. मी राहतो पेणला आणि नोकरी रोह्याला. रोज मी रेल्वेने जातो, पण पावसाळा संपला की महिन्यातून एखाद्या शनिवारी ही गाडी काढून नागोठण्यावरून भिसे खिंडीने रोह्याला जायचा माझा परिपाठ आहे. त्या खिंडीत, चढावर, दुसरा गिअर सटकू लागला. म्हणजे असं, की आपण दुसऱ्यात गाडी ओढतो आहोत, इंजिन जोर लावतं आहे, आणि एकाएकी 'खट्' असा आवाज होऊन गिअर सुटतो. इंजिन बोंबलतं, गाडी जागच्या जागी, आणि मागून येणारा टेम्पोवाला आपल्या घराण्याची विचारपूस करतो.

झालं! मंत्र सुरू झाले. आमचे मेहुणे पुण्याहून आले होते. ते दर तीन वर्षांनी मोबाइल आणि दर सहा वर्षांनी गाडी बदलतात. म्हणाले, "भाऊजी, देऊन टाका भंगारात. किलोवर जाईल. त्यात थोडे घालून मस्त इलेक्ट्रिक घ्या." आमची ही म्हणाली, "अंगण तरी मोकळं होईल." चिरंजीव म्हणाले, "बाबा, हिची बुक व्हॅल्यू किती?"

बुक व्हॅल्यू! हा शब्द निघाला आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. घसारा हा विषय मला परीक्षेत पाठ होता. वस्तूची किंमत दरवर्षी कमी धरायची, त्याला म्हणतात घसारा. त्याच्या दोन पद्धती. पहिली सरळ रेषेची: दरवर्षी सारखी रक्कम वजा, आणि ठरलेल्या वर्षी वस्तू शून्य. दुसरी घटत्या शिल्लकेची: दरवर्षी उरलेल्या किमतीचे ठरावीक टक्के वजा. आता गंमत पाहा. दुसऱ्या पद्धतीत वस्तू कधीच शून्य होत नाही. दहा हजारांच्या वस्तूवर दरसाल 15 टक्के घसारा लावा. पन्नास वर्षांनी पुस्तकात 2 रुपये 96 पैसे उरतात. तीन रुपयांना चार पैसे कमी, पण उरतात! म्हणजे ज्या शास्त्राने जगाला 'राइट ऑफ' हा शब्द शिकवला, त्या आमच्या वाणिज्यशास्त्रालासुद्धा एखादी वस्तू साफ संपली असं म्हणवत नाही. आणि मेहुणे मात्र पाच मिनिटांत निकाल देतात.

शिवाय पुस्तकातली किंमत आणि वस्तूची कुवत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या शाखेतली लोखंडी तिजोरी पुस्तकात कधीच नगण्य झाली आहे. म्हणून तिचं दार उघडं टाकून घरी जा, असं साहेब म्हणत नाहीत.

बँकेतलाच आणखी एक दाखला देतो. तुम्ही फाटकी नोट घेऊन काउंटरवर येता, तेव्हा आम्ही ती किती जुनी आहे हे विचारत नाही. किती उरली आहे, ते मोजतो. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण पैसे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे. 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या मातीत वाढलेले. 1943 साली ते गव्हर्नर झाले. तेव्हा या न्यायबुद्धीवर आम्हां रोह्यात नोकरी करणाऱ्यांचा थोडा हक्क आहे असं मी मानतो. किती उरलं ते मोजा, मग निकाल द्या. कागदाच्या कपट्याला जो न्याय, तो लोखंडाला का नको?

म्हणून मोजायचं ठरवलं. मोजायचं तर उघडायला हवं, आणि उघडायचं तर मिस्त्री हवा.

रोह्यात आमचे एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्यांना मी लक्षण सांगितलं. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "साहेब, चढावर सुटतो की उतारावर?"

"चढावर."

"आणि सायलेन्सरातून पांढरा धूर येतो? गिअरचं ऑइल कमी होतं?"

"दोन्ही."

"मग दोन दुखणी आहेत. गिअरचे कुत्रे झिजलेत आणि सील गेलंय. ठेवून जा."

कुत्र्यांचा खुलासा करायला हवा. अशा गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्ट समोरासमोर असतात आणि त्यांवरच्या गिअरांच्या जोड्या एकमेकींत कायम गुंतलेल्या असतात. आपण पायाने गिअर बदलतो तेव्हा दात दातांत नव्याने अडकत नाहीत. एक चिमटा, त्याला फोर्क म्हणतात, एका गिअरला शाफ्टवर बाजूला सरकवतो, आणि त्याच्या कुशीवरचे चौकोनी गुटके शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. या गुटक्यांना इंग्रजीत कुत्रे म्हणतात, चावा सोडत नाहीत म्हणून. पण चावून चावून त्यांच्या कडा गोल होतात. मग जोर आला की ते खाचेतून घसरतात. भिसे खिंडीत होणारा 'खट्' हा त्या म्हाताऱ्या कुत्र्यांनी सोडलेला चावा होता.

धुराचं कारण दुसरं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत येतं आणि तिथून वर जातं. ती खोली हवाबंद हवी. क्रँक आणि क्लच यांच्या मधे रबराचं एक सील असतं. ते कडक होऊन चिरलं की इंजिन श्वासाबरोबर शेजारच्या घरातलं ऑइल ओढून घेतं आणि जाळतं. म्हणजे गळतीही नाही, डागही नाही, आणि ऑइल गायब! आमच्या धंद्यात याला अफरातफर म्हणतात आणि त्यासाठी ऑडिटर बोलावतात. चाचांनी ती दोन प्रश्नांत पकडली.

पुढचे तीन शनिवार मी चाचांच्या दुकानात स्टुलावर बसून काढले. इंजिन खाली उतरलं. क्लच पुलरने ओढून काढला. पुलर नसता तर छिन्नीने काढणारे पुष्कळ आहेत, आणि तिथूनच गाड्या भंगाराला लागतात असं चाचांचं मत. मग केसिंगचे सगळे स्क्रू काढून, लाकडी हातोड्याने गोल गोल फिरत, हलके हलके ठोकत त्याची दोन शकलं वेगळी केली. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही. का? तर अॅल्युमिनियमवर एकदा ओरखडा पडला की तिथून ऑइल जन्मभर ठिबकणार. निघालेला एकेक वॉशर, शिम, सरक्लिप वर्तमानपत्रावर निघाली त्या क्रमाने मांडून ठेवली. आमच्या रोजकीर्दीतसुद्धा इतका क्रम नसतो.

मग मोजदाद झाली. शाफ्ट दोन्ही सरळ. गिअरांचे दात शाबूत. पहिल्या आणि तिसऱ्याचे गुटके ठीक. दुसऱ्याचे गोल. फोर्क एका बाजूने झिजून पातळ. बेअरिंगं खडखडणारी. सीलं लाकडासारखी. गिअरबॉक्समधल्या लोखंडाचा हिशेब मी मनात केला, तर ऐंशी टक्क्यांहून जास्त खणखणीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण पैसे!

आणि आता या लेखातला माझा मुख्य मुद्दा येतो. बेअरिंग कुठून आणायचं? पोलंडहून? फरीदाबादहून? नाही. चाचांनी जुन्या बेअरिंगच्या कडेवरची घाण पुसली आणि नंबर वाचून एका कागदावर लिहून दिला. तो कागद घेऊन मी दुकानात गेलो. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत, त्यामुळे पंपांची आणि मोटरींची बेअरिंगं ठेवणारी दुकानं इथे आहेत. दुकानदाराने नंबर बघितला आणि खोका काढून दिला. गाडी कुठली, साल कुठलं, एक अक्षर विचारलं नाही. कारण बेअरिंगचा नंबर जगभर एकच. 6204 म्हणजे आतला व्यास 20 मिलिमीटर, बाहेरचा 47, रुंदी 14. रोह्यात 20, वॉर्सॉत 20, तोक्योत 20. बँकेच्या शाखेला जसा आयएफएससी कोड, तसा हा लोखंडाचा कोड. सीलाचंही तेच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. एवढं सांगा आणि घेऊन जा.

दुसऱ्याचा गिअर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, दुसऱ्या एका मेलेल्या राजदूतच्या पोटातला. फोर्कवर पितळ चढवून लेथवाल्याने तो मापात आणला. गास्केट विकत आणलंच नाही. जाड कागद केसिंगवर धरून, काठाकाठाने छोट्या हातोडीने टुकटुक करत चाचांनी तो असा कापला की आमची ही शंकरपाळीसुद्धा इतकी नेटकी कापत नाही. (हे वाक्य घरी वाचलं जाणार नाही अशी आशा आहे.) बेअरिंग बसवायला हातोडा नाही. केसिंग गरम केलं. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, भोक किंचित मोठं होतं, आणि बेअरिंग आपल्या वजनाने टुपकन आत बसतं. पदार्थविज्ञानाचा हा धडा मी शाळेत वाचला होता. तो खरा आहे हे चाळिशी उलटल्यावर रोह्यात कळलं.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू आज नीट होते ती तीन कारणांनी. एक, ती पान्याने उघडते. दोन, तिच्या आतले पुष्कळसे भाग जगाच्या मापाचे आहेत. तीन, ती समजणारा माणूस अजून दुकान उघडून बसला आहे. 'नवीन घ्या' वाल्यांनी या तिन्हींवर हल्ला चढवला आहे, आणि माझं भांडण ते आहे.

पहिल्याचं पाहा. आजची वस्तू उघडू नये म्हणूनच बनवतात. मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवतात. स्क्रूची टोकं अशी विचित्र करतात की आपल्या घरातला कुठलाच पेचकस लागू नये. दुसऱ्याचं पाहा. माझ्या स्कूटरचं एक बोटभर लांबीचं प्लास्टिकचं बटण तुटलं. एका सर्व्हिस सेंटरात मला सांगण्यात आलं, "बटण सुटं येत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागेल." म्हणजे जानव्हेजोड हरवला म्हणून मुंज पुन्हा करायची! आणि तिसरं सगळ्यांत वाईट. चाचांच्या दुकानात शिकायला पोरगा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा मोबाइलचे कव्हर विकतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण लोक कव्हर विकत घेतात आणि गिअरबॉक्स बांधून घेत नाहीत. नवी दुचाकी घ्यायला बँक कर्ज देते. पण जुन्या दुचाकीचा गिअरबॉक्स बांधण्यासाठीचा कर्जाचा अर्ज माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून एकदाही गेलेला नाही.

आता सरकारकडे वळतो. पेणकरांना ज्या गोष्टींचा अभिमान आहे, त्यांत गणपती, पोह्याचे पापड आणि एमएच-06 चं आरटीओ यांचा क्रम लागतो. त्यामुळे गाड्यांचे नियम आम्ही इतरांपेक्षा जरा भक्तिभावाने वाचतो. दुचाकीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी 300 रुपये होती, ती केंद्राने एप्रिल 2022 पासून 1000 केली. मग ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला 2000 केली. बँकेत माणूस साठ वर्षांचा झाला की ठेवीवर सहसा अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं. गाडी वीस वर्षांची झाली की फी दुप्पट! रेल्वेनेही 2020 साली ज्येष्ठांची तिकिटातली सवलत काढून घेतलीच म्हणा. वाहतूक म्हटली की म्हातारपण हा गुन्हा, असं काहीतरी दिल्लीत ठरलेलं दिसतं.

बरं, म्हातारपणाचा गौरवही सरकार करतं, नाही असं नाही. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम केला की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणायची. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, दहा वर्षांनी पुन्हा 5,000. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि अट अशी की ती रस्त्यावर रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, संशोधनाला न्या, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. वाचकहो, ज्यांनी राजदूत वापरली आहे त्यांना विचारा: ती गाडी तरुणपणीसुद्धा याच दोन ठिकाणी जात असे!

पण विनोद बाजूला ठेवा. त्या नियमातली खरी मेख निराळीच आहे. गाडीत 'मोठा फेरबदल' झालेला नसावा, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत. हेतू चांगला आहे. कोणी मूळ इंजिन काढून भलतंच बसवू नये. पण बॉबीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये नांदतात. मी फोर्कवर पितळ चढवलं, हा फेरबदल की डागडुजी? गास्केट रोह्यात कापलं, हे मूळ रूप की नवं? उद्या एखाद्या बाबूने केसिंगवरच्या चाचांच्या हातोड्याची खूण पाहून भुवई उंचावली तर मी काय सांगू? न चालणारी जुनी गाडी काचेत ठेवली तर वारसा, आणि चालती ठेवली तर संशयित. याला माझा आक्षेप आहे.

आता माझ्या विरुद्ध पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करतो; नाहीतर हा लेख भांडण न राहता भांडकुदळपणा होईल. टू-स्ट्रोक इंजिन हवा घाण करतं, हे खरं आहे. त्याच्या रचनेतच थोडं पेट्रोल न जळता बाहेर जातं, आणि वर ऑइलही जळतं. भारतात 2000 सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाकी हळूहळू मागे पडल्या, ते योग्यच झालं. सगळ्यांनी उद्यापासून राजदूत वापरा असं मी म्हणत नाही. तसं झालं तर पेणला भर मे महिन्यात धुकं पडेल. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याने नवी, स्वच्छ गाडी जरूर घ्यावी. पण महिन्यातून एकदा भिसे खिंड चढणारी गाडी आणि रोज हायवेवर धावणारी गाडी यांना एकच तागडी लावू नका. धूर मोजा, ब्रेक पाहा, दिवे पाहा. नापास झाली तर घरी बसवा. पण परीक्षा घ्या. जन्मतारीख पाहून नापास करू नका. आणि हेही विसरू नका की चिरलेलं सील बदलल्यावर आमच्या बॉबीचा पांढरा धूर गेला. म्हणजे हवा स्वच्छ करण्याचं जे काम परिपत्रकाने व्हायचं होतं, ते चाचांनी एका रबराच्या कड्याने केलं.

कोणी म्हणेल, तुम्ही पेणचे ना? तुमचं गाव दरवर्षी नवे गणपती करून विकतं, आणि तुम्ही जुन्याची वकिली करता? हा प्रश्न मला खरंच एकाने विचारला. त्याला उत्तर असं. शाडूचा गणपती बादलीत विरघळवा, तळाशी माती राहते, आणि त्याच मातीची पुन्हा मूर्ती होते. आपण त्याला निरोप देतो तो लवकर या म्हणून. फेकून दिलेल्या मिक्सरला असं कोणी म्हटल्याचं ऐकलं आहे का? विसर्जन आणि विल्हेवाट यांतला फरक पेणच्या माणसाला शिकवू नका.

आणि हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. फ्रान्सने 2021 पासून काही वस्तूंवर, ती किती सहज दुरुस्त होते याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने 2024 साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 साली याच हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात एक पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. पोर्टल उत्तम आहे. पण पोर्टलला पान्याची पकड नसते. गुणपत्रिका आपल्या वस्तूंवरही छापा. सुटा भाग सुटा विका. भागावर जगाचा नंबर टाका. जुन्या गाडीची फी वयावर नव्हे, धुरावर लावा. आणि जो मिस्त्री दोन पोरांना गिअरबॉक्स बांधायला शिकवील, त्याला त्या पोरांचं विद्यावेतन द्या. नाहीतर एक दिवस असा येईल की गाडी असेल, बेअरिंग असेल, सील असेल, दुकानात नंबरसुद्धा मिळेल, पण "चढावर सुटतो की उतारावर?" हे विचारणारा माणूस नसेल. त्या माणसाची असेंब्ली कुठे मिळत नाही.

खर्चाचं विचारायचं राहिलंच ना? मेहुण्यांनी तेच आधी विचारलं. बेअरिंगं, सीलं, जुन्या बाजारातला गिअर, लेथवाला, ऑइल आणि चाचांची मजुरी, सगळं मिळून जो आकडा झाला तो मेहुण्यांच्या नव्या मोबाइलच्या किमतीपेक्षा बराच कमी होता. तो मोबाइल तीन वर्षांनी पुन्हा बदलायचा आहे. चाचा म्हणाले, "दुसरा आता माझ्यानंतरही सुटणार नाही." पन्नास वर्षांची हमी कुठलीच कंपनी देत नाही, आणि चाचांनीही दिली नाही. पण त्यांनी आपल्या आयुष्याच्या मापात दिली, आणि मला ती कुठल्याही छापील वॉरंटी कार्डापेक्षा मोठी वाटते.

तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या घरात काही बंद पडलं आणि चार माणसं जमून मंत्र म्हणू लागली, तर रागावू नका. त्यांना चहा द्या. आणि चहा पिता पिता एवढंच विचारा, "उघडून पाहिलंत का?"